छऱ्याच्या बंदुकीचा व्यास : शेतकऱ्यानें कोणता निवडावा?

जोंधळा हुरड्यावर आला म्हणजे शेतांत माळा घालावा, त्यावर राखण्यानें गोफण घेऊन बसावें आणि पांखरांचा थवा उतरूं लागतांच हाकारा घालून गुंडा भिरकवावा, ही आपल्याकडील राखणीची फार जुनी रीत होय. गुंड्यानें पांखरूं मरावें अशी राखण्याची अपेक्षा नसे. तें उडून जावें एवढेंच त्यास हवें असे. हल्लीं राखणीस माणूस मिळत नाहीं. मिळाला तर त्याची मजुरी परवडत नाहीं. फळबागांचें क्षेत्र मात्र वाढत चाललें आहे. अशा वेळीं शहरांतील दुकानांत टांगलेली छऱ्याची बंदूक पाहून पुष्कळांच्या मनांत येतें कीं, गोफणीच्या जागीं ही घ्यावी आणि पोपट, वानर, उंदीर या सर्वांचा एकदाच बंदोबस्त करावा.

असा शेतकरी दुकानांत गेला म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो व्यासाचा : "एकशेंसत्याहत्तर कीं बावीस?" या प्रश्नाचें उत्तर बहुतेक जण "जी अधिक जोराची असेल ती" असें देऊन मोकळे होतात. हें उत्तर चुकीचें आहे, आणि त्या चुकीची किंमत कधीं मुक्या जिवाला, कधीं शेजारच्या मुलाच्या डोळ्याला आणि कधीं खुद्द शेतकऱ्याला कोर्टाची पायरी चढून द्यावी लागते. व्यासाची निवड जोरावरून करावयाची नसते. ती काम, अंतर आणि कायदा या तिहींवरून करावयाची असते. तें कसें, हें या लेखांत क्रमानें पाहूं.

आंकड्यांचा अर्थ

बंदुकीच्या नळीच्या आंतील पोकळीची रुंदी म्हणजे तिचा व्यास. त्या नळींत जो छरा घट्ट बसतो त्यासहि त्याच आंकड्यानें ओळखतात. हे आंकडे इंचाचे दशांश आहेत. ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटर, ०.२२ इंच म्हणजे सुमारें ५.५ मिलिमीटर आणि ०.२५ इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. पांच मिलिमीटरचा, म्हणजे ०.२० इंचाचाहि एक व्यास आहे. पण तो क्वचित् आढळतो. इंग्लंडांत पूर्वीं ०.१७७, ०.२२ व ०.२५ या नळ्यांस अनुक्रमें पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या नंबरची नळी म्हणत.

बोलतांना शून्य आणि दशांशचिन्ह गळून पडतें व नुसते "एकशेंसत्याहत्तर" आणि "बावीस" उरतात. त्यामुळें एकशेंसत्याहत्तर मोठी आणि बावीस लहान, असा अगदीं उलटा समज कित्येकांचा होतो. वस्तुतः बावीसचा छरा मोठा असतो. छऱ्याच्या तोंडाचें क्षेत्रफळ काढलें तर ०.१७७ चें सुमारें १६ चौरस मिलिमीटर, ०.२२ चें सुमारें २४ आणि ०.२५ चें सुमारें ३२ भरतें. म्हणजे पहिल्याहून दुसरा दीडपट व तिसरा दुप्पट.

वजनांतहि असाच फरक आहे. छऱ्याचें वजन ग्रेनमध्यें सांगण्याची चाल आहे. एक ग्रेन म्हणजे सुमारें ६५ मिलिग्रॅम. ०.१७७ चे छरे साधारणतः ७ ते १० ग्रेनांचे आणि ०.२२ चे १४ ते १८ ग्रेनांचे असतात, ०.२५ चे वीस ग्रेनांच्या पुढें जातात. सोनाराच्या मापानें सांगावयाचें तर पहिला सुमारें साडेचार गुंजांचा आणि दुसरा सुमारें साडेआठ गुंजांचा.

शेतीशीं जुना संबंध

या बंदुकीचा आणि शेतकऱ्याचा संबंध आजचा नव्हे. अमेरिकेंत मिशिगन प्रांतांतील प्लिमथ या गांवीं १८८२ सालीं लोखंडी पवनचक्क्या तयार करणारी एक कंपनी निघाली. विहिरीचें पाणी उपसण्यासाठीं शेतकरी त्या चक्क्या घेत. पुढें गिऱ्हाइकास ओढण्यासाठीं कंपनीनें पवनचक्कीबरोबर धातूची एक लहान हवेची बंदूक भेट म्हणून देण्यास आरंभ केला. थोड्याच दिवसांत चक्कीपेक्षां भेटीचीच मागणी अधिक होऊं लागली. आणि १८९५ सालीं कंपनीनें आपलें नांवच बदलून त्या बंदुकीचें "डेझी" हें नांव धारण केलें. ती बंदूक गोल छऱ्याची, गुळगुळीत नळीची व अगदीं बेताच्या जोराची होती. आज बाजारांत मिळणारी बंदूक तिच्याहून पुष्कळ पुढें गेलेली आहे. नळीस आंतून आटे असतात, छरा डमरूच्या आकाराचा असतो व त्याचा मागचा पातळ घेर हवेच्या दाबानें फुगून आट्यांत रुततो. त्यामुळें छरा स्वतःभोवतीं फिरत सरळ जातो. खेळण्याचें शस्त्र झालें तें असें. मात्र त्याकडे पाहण्याची आपली दृष्टि अद्याप खेळण्याचीच राहिली आहे.

जोर कमानींत, छऱ्यांत नव्हे

काडतुसाच्या बंदुकींत मोठ्या काडतुसांत दारू अधिक मावते, म्हणून मोठा व्यास म्हणजे मोठा जोर असें सामान्यतः म्हणतां येतें. छऱ्याच्या बंदुकीस हा न्याय लागू नाहीं. येथें दारू नसते. नळी मोडून कमान दाबली म्हणजे दट्ट्या मागें जातो. चाप ओढतांच तो पुढें झेपावतो आणि कोंडलेल्या हवेच्या दाबानें छरा बाहेर पडतो. छऱ्यास मिळणारा जोर कमानीनें आधींच ठरविलेला असतो. त्याच कमानीवर नळी ०.१७७ ची बसवा अथवा ०.२२ ची बसवा, जोरांत फारसा फरक पडत नाहीं. फरक पडतो तो त्या जोराच्या वांटणींत : लहान छरा तो वेगाच्या रूपानें घेतो, मोठा छरा वजनाच्या रूपानें.

हिशेबच करूं. इंग्लंडांत विनापरवाना बंदुकीस १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारें १६.३ ज्यूल, ही जोराची मर्यादा आहे. एक किलोचें वजन सुमारें १६६ सेंटिमीटर उंचीवरून सोडिलें असतां जमिनीवर जेवढा जोर लागेल, तेवढाच हा. एवढ्या जोरानें ८.४ ग्रेनांचा ०.१७७ चा छरा सेकंदास सुमारें २४५ मीटर वेगानें निघतो. १६ ग्रेनांचा ०.२२ चा छरा १७७ मीटर वेगानें निघतो. तीस मीटरांवरील लक्ष्यापर्यंत पोंचण्यास पहिल्यास सेकंदाचा आठवा हिस्सा लागतो व तेवढ्या वेळांत तो सुमारें ७ सेंटिमीटर खालीं येतो. दुसऱ्यास सेकंदाचा सहावा हिस्सा लागतो व तो सुमारें १४ सेंटिमीटर खालीं येतो. हवेचा अडथळा धरला तर दोघांचेंहि पडणें याहून अधिक भरेल. तात्पर्य, मोठ्या छऱ्याचा मार्ग अधिक वांकडा असतो. अंतराचा अंदाज चार-पांच मीटरांनीं चुकला तर ०.१७७ ची चूक थोडक्यांत निभावते, ०.२२ ची निभावत नाहीं.

उलटपक्षीं, जेथें अंतर थोडें व ठरलेलें आहे तेथें मोठ्या छऱ्याचा गुण दिसतो. तो जखम रुंद करतो, आपला सर्व जोर लक्ष्यांतच खर्च करतो व आरपार निघून जाण्याचा संभव कमी असतो. इंग्लंडांतील शेतकरी धान्याच्या कोठारांतील उंदरांसाठीं बहुधा ०.२२ पसंत करतो तें याच कारणानें. आणि ज्यास मोकळ्या रानांत निरनिराळ्या अंतरांवर नेम धरावयाचा असतो तो ०.१७७ घेतो. दोघांचा वाद तिकडे वर्षानुवर्षें चालू आहे, पण त्यांतील समंजस माणसें एवढें मान्य करतात कीं, चुकीच्या जागीं बसलेला मोठा छरा हा नेमक्या जागीं बसलेल्या लहान छऱ्याची बरोबरी कधींच करीत नाहीं. जर्मनींत विनापरवाना मर्यादा अवघी ७.५ ज्यूल आहे. एवढ्याशा जोरानें ०.२२ चा तोच छरा सेकंदास केवळ १२० मीटर वेगानें निघतो. सबब अशा कमी जोराच्या बंदुकींत ०.१७७ हाच व्यास सोयीचा.

हें तत्त्व मीं पुस्तकांतून शिकण्यापूर्वीं एका साळुंकीकडून शिकलों. बारा-तेरा वर्षांचा असतांना आजोळीं मामांची ०.१७७ ची बंदूक न विचारतां घेऊन परसांतील लिंबावर बसलेल्या साळुंकीवर मीं छरा झाडला. अंतर चाळीस पावलांचें असेल. ती पडली नाहीं. एक पांख लोंबकळत ठेवून कुंपणापलीकडे गेली. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं ती गोठ्यामागें सांपडली, तेव्हां जिवंत होती आणि मुंग्या लागल्या होत्या. मीं रडत म्हणालों, "मामा, बंदूक लहान पडली. मोठी असती तर ती लगेच मेली असती." मामा म्हणाले, "बंदूक लहान नाहीं पडली, बाळ. अंतर मोठें पडलें, आणि तुला त्याचा अंदाज नव्हता." त्यांनीं मला रागें भरलें नाहीं, पण बंदूक त्या दिवसापासून कुलपांत गेली. मोठ्या व्यासाची बंदूक मागणारा प्रत्येक जण आपल्या चुकलेल्या नेमाचें खापर व्यासावर फोडीत असतो, असें मला आज वाटतें.

आपल्याकडील कायदा

आतां आपल्या देशाकडे वळूं. येथें व्यासाचा प्रश्न पुष्कळसा कायद्यानेंच सोडविलेला आहे. शस्त्र नियम, २०१६ अन्वयें ज्या हवेच्या बंदुकीचा व्यास ०.१७७ इंचाहून, म्हणजे ४.५ मिलिमीटरहून अधिक आहे, किंवा जिचा जोर २० ज्यूलहून अधिक आहे, तिला परवाना लागतो. दोहोंपैकीं एकहि मर्यादा ओलांडली तरी परवाना हवाच. म्हणून ०.२२ अथवा ०.२५ ची बंदूक "छऱ्याचीच तर आहे" असें म्हणून कोणी विकूं लागला, किंवा जुन्या घरांत वडिलांच्या वेळची अशी बंदूक निघाली, तर ती तशीच वापरूं नये. पोलीस ठाण्यांत विचारून रीतसर व्यवस्था लावावी. तसेंच ०.१७७ च्या बंदुकींत अधिक ताठ कमान बसवून तिचा जोर वाढविण्याचा उद्योग कोणी करूं नये. वीस ज्यूलची मर्यादा तेथेंहि आहेच, आणि अशी बंदूक हातांत झटके देऊन नेम बिघडविते तें निराळेंच.

दुसरा कायदा याहून महत्त्वाचा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वयें पोपट, मोर, वानर, रानडुक्कर इत्यादि प्राण्यांस संरक्षण आहे. ज्यांच्यासाठीं शेतकरी बंदूक घेऊं पाहतो तेच हे प्राणी. परवाना न लागणारी बंदूक म्हणजे कशावरहि झाडण्याची मोकळीक, असा अर्थ मुळींच होत नाहीं. बंदुकीस परवाना नसला तरी शिकारीस मनाई आहे. आणि कायदा क्षणभर बाजूस ठेविला तरी व्यवहारहि तेंच सांगतो. वानराच्या किंवा डुकराच्या अंगांत ०.१७७ चा छरा कातडीखालीं जाऊन रुततो. जनावर मरत नाहीं, जखम चिघळते. दुखावलेलें डुक्कर उलटतें तेव्हां छऱ्याची बंदूक हातांत असून नसल्यासारखी असते.

अरुणाचल प्रदेशांत घरोघरीं अशा बंदुकी होत्या व त्यांनीं रानांतील पांखरें मारण्याची चाल होती. रानें मुकीं होत चाललीं तेव्हां २०२१ सालीं तेथें बंदुकी स्वखुषीनें सरकारजमा करण्याची मोहीम निघाली, आणि दोन हजारांहून अधिक बंदुकी लोकांनीं आपण होऊन आणून दिल्या. ज्या छऱ्यास आपण क्षुल्लक समजतों त्यानें आख्ख्या रानाचा आवाज कमी होऊं शकतो, हें त्या लोकांनीं अनुभवानें ओळखलें.

मग बागेची राखण कशी करावी? पेरूस पिशव्या घालाव्या, डाळिंब व द्राक्ष यांवर जाळी अंथरावी, चकाकणाऱ्या फिती बांधून त्यांच्या जागा दर चार दिवसांनीं बदलाव्या, फळ तयार होतांच काढून घ्यावें. आणि रानडुक्कर, हरीण, रोही यांनीं पिकाची नासाडी केली तर विलंब न लावतां वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज करावा. खर्च होतो खरा. पण जाळी अनेक हंगाम टिकते व ती रात्रंदिवस राखण करते.

बंदुकीस उरलेलें काम

मग शेतकऱ्याच्या घरीं या बंदुकीचा उपयोग काय उरला? दोन उपयोग उरतात. एक, कोठारांतील व गोठ्यांतील उंदीर-घुशी. आणि दुसरा, नेमबाजीचा अभ्यास. दोहोंसहि ०.१७७ पुरेशी आहे.

उंदरांविषयीं आधीं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बंदुकीनें उंदरांची संख्या आटोक्यांत येत नाहीं. उंदरीण सुमारें तीन आठवड्यांत वितें. आपण एका रात्रीं चार मारले तर तेवढे बिळांत तयार होत असतात. बिळें बुजविणें, कोठाराच्या फटी पत्र्यानें बंद करणें, धान्य चौथऱ्यावर ठेवणें, सांपळे लावणें, गव्हाणी घुबडास व धामणीस अभय देणें, हेच खरे उपाय होत. सांपळ्यास न फसणारा एखादा जुना उंदीर किंवा घूस टिपण्यापुरता बंदुकीचा उपयोग. तेंहि दहा-पंधरा मीटरांच्या आंत, डोक्यावर नेम बसत असेल तरच.

येथें शेतकऱ्यानें आपली जागा ओळखून वागावें. धान्याच्या पोत्यांकडे, वैरणीकडे किंवा गुरांकडे तोंड करून बंदूक झाडूं नये. छरा शिशाचा असतो. तो वैरणींत गेला व गाईच्या पोटांत पोंचला तर विषबाधेचें भय असतें. पत्र्यावर, दगडावर किंवा सिमेंटच्या जमिनीवर आपटलेला छरा उलटून येतो. शेततळ्याचें अस्तर, ठिबकच्या नळ्या, पॉलिहाऊसचा कागद यांस एक छरा पुरे. मारलेला उंदीर उघड्यावर फेंकूं नये, खोल पुरावा. नाहींतर त्याच्या अंगांतील शिसें घारी-घुबडांच्या पोटांत जाईल, आणि आपले खरे राखणे आपणच मारूं.

नेमबाजीविषयीं म्हणाल तर ऑलिंपिकमधील दहा मीटरांच्या स्पर्धा याच ४.५ मिलिमीटरच्या छऱ्यानें होतात. रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. २००० सालीं सिडनी येथें अंजली भागवत यांनीं या प्रकारांत अंतिम फेरी गांठली. २००८ सालीं पेकिंग येथें अभिनव बिंद्रा यांनीं सुवर्णपदक मिळविलें. आणि २०२२ सालीं कैरो येथें ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील जगज्जेते झाले. खेड्यांतील मुलामुलींस ही वाट बंद नाहीं. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीसारख्या लहान गांवांतून आलेल्या स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस येथें पन्नास मीटरांच्या रायफल स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. ती स्पर्धा काडतुसाच्या रायफलची खरी. पण नेम, श्वास आणि चाप यांचे पहिले धडे छऱ्याच्या बंदुकीवरहि घेतां येतात.

व्यास ठरला, छरा कोणता?

व्यास ०.१७७ ठरला म्हणजे निवड संपली असें नव्हे. खरी निवड येथें सुरू होते. एकाच व्यासाचे छरे वजनानें, आकारानें व घेरानें निरनिराळे असतात आणि प्रत्येक बंदुकीची आवड वेगळी असते.

वजन : कमानीच्या बंदुकीस ७ ते ८.५ ग्रेनांचा मध्यम छरा बहुधा मानवतो. फार हलक्या छऱ्यानें दट्ट्यापुढें पुरेसा दाब राहत नाहीं, तो टोकावर आदळतो व कमान लवकर जाते. फार जड छऱ्यानें दट्ट्या उलट झटका खातो. डब्यावर मोठा वेग छापलेला पाहून हलका छरा घेऊं नये. तो वेग थोड्याच अंतरावर ओसरतो.

आकार : चपट्या तोंडाचा छरा कागदास स्वच्छ गोल भोंक पाडतो, म्हणून दहा मीटरांच्या अभ्यासास तोच वापरतात, कोठारांतील थोड्या अंतरावरहि तो चांगला, कारण तो कमी आरपार जातो. गोल डोक्याचा छरा हवेंत स्थिर राहतो व लांबच्या अंतरास योग्य. टोकदार छरा दिसण्यास भयंकर असला तरी नेमास बहुधा उणा असतो. पोकळ तोंडाचा छरा पसरण्यास जो वेग लागतो तो साध्या बंदुकींत क्वचितच मिळतो.

घेर : चांगल्या डब्यांवर ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ असे आंकडे असतात. ही छऱ्याच्या डोक्याची रुंदी. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचा हा फरक, पण कागदावर तो स्पष्ट उमटतो. छरा नळींत अंगठ्यानें हलकेच दाबतां बसावा. सैल पडूं नये, कीं ठोकावा लागूं नये.

धातु : कथलाचे व अन्य मिश्रधातूंचे शिसेरहित छरे आतां मिळतात. ते हलके व अधिक वेगाचे असतात व किंमतीनें महाग. परंतु गोठा-कोठारासाठीं तेच घेणें शहाणपणाचें. लोखंडी गोल छरे मात्र आट्यांच्या नळींत कधींहि घालूं नयेत; आटे झिजतात आणि ते छरे उलटून अंगावर येतात.

परीक्षेची रीत अशी : वारा नसलेल्या वेळीं पंधरा मीटरांवर कागद लावावा, मागें वाळूनें भरलेली पेटी ठेवावी, बंदुकीखालीं उशी घेऊन बसावें आणि प्रत्येक जातीचे दहा-दहा छरे एकाच ठिकाणीं नेम धरून झाडावे. ज्या जातीचीं दहा भोंकें एकमेकांस सर्वांत जवळ पडतील ती आपल्या बंदुकीची जात. तीं लक्ष्याच्या डावीकडे पडलीं कीं खालीं, याची तूर्त चिंता नको. तें नेमाची माशी फिरवून सुधारतां येतें. मग तोच छरा घेऊन अंतर वाढवीत जावें. जेथवर दहाच्या दहा छरे एका इंचाच्या वर्तुळांत बसतात, तेथवरच आपला अधिकार. हें अंतर बंदूक ठरवीत नाहीं, दुकानदार ठरवीत नाहीं. आपला हात ठरवितो.

शेवटचे चार नियम

सेकंदास सुमारें १०० मीटर वेग असला तर ०.१७७ चा छरा माणसाची कातडी फोडतो. डोळ्यास तर याहून पुष्कळ कमी वेग पुरतो. आपल्या बंदुकींचा वेग याच्या दुपटीच्या आसपास असतो आणि चुकलेला छरा दोनशें-तीनशें मीटर जाऊं शकतो. म्हणून पुढील नियम भिंतीवर लिहून ठेवावे. बंदूक भरलेलीच आहे असें समजून वागावें व तिचें तोंड माणसाकडे कधींहि करूं नये. लक्ष्यामागें काय आहे तें आधीं पाहावें. झाडावर वर तोंड करून झाडणें म्हणजे छरा गांवांत पाठविणें होय. छरा भरतांना मोडलेली नळी एका हातानें घट्ट धरावी, नाहींतर ती मिटून बोटें तोडते. आणि काम संपल्यावर बंदूक रिकामी करून कुलपांत ठेवावी, छरे निराळ्या ठिकाणीं ठेवावे, हात साबणानें धुवावे. छरे तोंडांत धरण्याची मुलांची खोड तर ताबडतोब मोडावी. शिसें हळूहळू भिनणारें विष आहे.

सारांश, ज्यास शेतांतील पांखरें व वानर हांकावयाचे आहेत त्यानें कोणत्याहि व्यासाची बंदूक घेऊं नये. त्यानें जाळी घ्यावी. ज्यास कोठारांतील उंदीर टिपावयाचा आहे किंवा मुलामुलींस नेम शिकवावयाचा आहे त्यानें ०.१७७ घ्यावी, तिच्यासाठीं छरा पारखून निवडावा आणि आपलें अंतर ओळखावें. आपल्या माळ्यावरच्या राखण्यास गोफणीनें पांखरूं मारतां आलें असतें. पण त्याचें काम कणीस राखण्याचें होतें, आणि तेवढेंच तो करीत असे. हातांत नवें हत्यार आलें म्हणून शेतकऱ्याचें काम बदललेलें नाहीं.